डिस्को ४ साठी हाइट कंट्रोलर: रॉड, सिग्नलचा डबा की ओबीडी टूल?

व्हाळापलीकडे (पर्वरी)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१२ ची लँड रोव्हर डिस्कव्हरी ४ (डिस्को ४) आहे, तीन लिटर डिझेल, एअर सस्पेन्शन म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेचे बलून, त्यामुळे बटणाने उंची बदलते, सेकंडहँड घेतली त्याला आता चार वर्षं होतील. राहतो पर्वरीला पण आमचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) वाळपईच्या पुढे, दर शनिवारी साखळीवरून तिकडे जायचं आणि रविवारी संध्याकाळी परत. शेवटचे दोन-अडीच किलोमीटर कच्चा रस्ता, मधे एक व्हाळ (ओढा), व्हाळातून वर चढलं की घाटी, आणि त्या घाटीत चिऱ्याचा खडक असा वर आलाय की नॉर्मल उंचीवर गाडी नेली तर पोट घासतंच. ऑफरोड हाइट लावली की ५५ मिलिमीटर वर येते, मग काही अडचण नाही.

अडचण मधल्या रस्त्याची आहे. ऑफरोड हाइट ५० च्या आसपास स्पीड गेला की आपोआप उतरते, आणि उतरायलाच हवी ते मला मान्य आहे, पण पावसाळ्यानंतर आमच्या भागात डांबर जिथे संपतं आणि खड्डे सुरू होतात तिथे ५०-६० ने जाताना नॉर्मलपेक्षा फक्त २०-२५ मिलिमीटर जास्त मिळाले तरी पुरे, तेवढं गाडी देत नाही. परत दिवाडीच्या फेरीबोटीत चढताना ओहोटीला रॅम्पचा जो कोन होतो तिथे पुढचा बंपर टेकतो की काय म्हणून प्रत्येक वेळी वर-खाली, वर-खाली. एका वीकेंडला सात-आठ वेळा बलूनमधे हवा भरणारा कॉम्प्रेसर चालतो माझा.

वाचून वाचून तीन गोष्टी समजल्या. एक, हाइट सेन्सरचे वेगळ्या लांबीचे लिंक रॉड. दोन, लाम्ससारखा डबा जो सेन्सर आणि ईसीयू (सस्पेन्शनचा कंप्युटर) ह्यांच्या मधे बसतो आणि सिग्नल बदलतो. तीन, गॅप कंपनीचं आयआयडी टूल, जे ओबीडीला (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला) लावून फोनवरून कॅलिब्रेशन, म्हणजे ईसीयूने धरलेली उंचीची मापं, बदलतं. तिन्हीपैकी एक घ्यायचंय. ज्यांनी वापरलंय त्यांनीच सांगा, आणि आपल्याकडच्या पावसात आणि खाऱ्या हवेत काय टिकलं तेही सांगा.

सत्तरीवाला

तिन्हीची तुलना छान आहे पण आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. रात्री गाडी लावली की सकाळी बसलेली दिसते का?

व्हाळापलीकडे (पर्वरी)

हो थोडी बसते. डावी पुढची बाजू दोन बोटं खाली असते, कधी कधी पूर्ण गाडीच थोडी खाली. स्टार्ट केली की मिनिटभरात उठते म्हणून मी फार लक्ष दिलं नाही.

गॅरेज कुडचडे

मग दादा कंट्रोलर आत्ता घेऊच नका. मी गेली बरीच वर्षं ह्याच गाड्यांखाली पाठीवर झोपून काढलीत म्हणून जरा सविस्तर लिहितो, राग मानू नका.

हे तिन्ही उपाय मुळात एकच काम करतात. चारही चाकांना एकेक हाइट सेन्सर असतो, चेसिसला बसवलेला, त्याच्या दांडीला लिंक रॉड आणि तो रॉड सस्पेन्शनच्या आर्मला. चाक वर-खाली झालं की दांडीचा कोन बदलतो, कोनाप्रमाणे व्होल्टेज बदलतं, ईसीयूला त्यावरून कळतं की हा कोपरा किती उंच आहे. रॉड बदलला की तुम्ही कोन फसवता. डबा लावला की व्होल्टेज फसवता. टूलने कॅलिब्रेशन बदललं की फसवाफसवी काही नाही, तुम्ही ईसीयूलाच सांगता की आजपासून शून्य म्हणजे इथे. पण तिन्ही वेळा हवा भरणारा तोच कॉम्प्रेसर, तोच टँक, तेच व्हॉल्व्ह ब्लॉक (हवा कुठल्या कोपऱ्यात जाईल ते ठरवणारे) आणि तेच बलून. गळका बलून आणखी २५ मिलिमीटर वर नेला तर तो फक्त जास्त गळेल. रबराची घडी जिथे पडते ती जागा बदलते, आणि जुन्या रबराला भेगा तिथेच असतात.

सकाळी सगळी गाडी खाली दिसते त्यावरून चारही बलून गेले असं समजू नका. पार्क केल्यावरही ईसीयू अधूनमधून जागा होतो आणि सगळ्यात खाली बसलेल्या कोपऱ्याच्या लेव्हलला बाकीचे तीन आणून ठेवतो, म्हणून एक गळका कोपरा चौघांना खाली ओढतो. खरा चोर पकडायचा तर रात्री एअर सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवा, चारही कोपरे मोजा, सकाळी परत मोजा. मग जो बसलाय तोच गळतोय. त्याच्यावर साबणाचं पाणी मारा, बलूनच्या घडीत, वरच्या पाइपच्या जॉइंटवर आणि व्हॉल्व्ह ब्लॉकवर.

आणि कॉम्प्रेसरचं. डाव्या मागच्या चाकाच्या पुढे खाली प्लास्टिकच्या कव्हरात असतो तो. त्याच्यात ड्रायर आहे, आत सिलिकाचे दाणे, बाहेरची दमट हवा आत घेताना ते पाणी शोषतात आणि गाडी खाली येते तेव्हा कोरडी हवा त्यांच्यातूनच उलटी बाहेर जाते म्हणून दाणे परत सुकतात. गळती असली की हवा नुसती भरत राहते, उलटी फारशी जातच नाही, मग दाणे ओले ते ओलेच राहतात आणि पाणी पुढे व्हॉल्व्ह ब्लॉकमधे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर हवा पिळून काढावी अशी असते, म्हणून कोरड्या प्रदेशातल्या लोकांचे अनुभव वाचून आपल्या गाडीचं गणित करू नका. दाणे पिठासारखे झालेले मी कितीदा काढलेत.

व्हाळापलीकडे (पर्वरी)

राग कसला, हेच हवं होतं. आज रात्रीच फ्यूज काढतो.

लाल माती

मी रॉडवाला. गाडी डिस्को ३, सावर्डे-रिवण पट्ट्यात खाणींच्या रस्त्यांवर चालवतो, रॉड लावून तीन वर्षं झाली. चांगलं आधी सांगतो. इलेक्ट्रॉनिक काही नाही, पाण्यात गेलं चिखलात गेलं तरी बिघडायला काही नाही, चार रॉड एका दुपारी बसतात आणि नको झाले तर ओरिजिनल परत. माझी सगळी गाडी साधारण दोन इंच वर गेली, म्हणजे नॉर्मल म्हणजे आता पूर्वीची ऑफरोड.

आता वाईट. ते 'सगळी' आहे ना, तिथेच गोम आहे. नॉर्मल वर, ऑफरोड आणखी वर, आणि आईला चढण्यासाठी जी ॲक्सेस हाइट होती तीही वर, त्यामुळे तिच्यासाठी आता पायरी ठेवावी लागते. मडगाव ते पेडणे हायवेवर ८० च्या वर गाडी मोठ्या वळणावर आधीपेक्षा जास्त झुकते, नवीन झुआरी पुलावर आडवा वारा लागला की स्टिअरिंग धरून ठेवावं लागतं. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जायचे, ते खाली करून घेतले. टायर पहिल्या वर्षात आतल्या बाजूने खाल्ले कारण मी अलाइनमेंट न करता चालवली, ती चूक माझीच. आणि ऑफरोड मोडमधे आता खाली जायला चाकाला प्रवासच उरलेला नाही, खड्ड्यात चाक सुटलं की शॉकअप टोकाला लागून ठक्क असा आवाज येतो. तो आवाज मला आवडत नाही. व्हाळापलीकडे, तुम्हाला आठवड्यातले दोन दिवस उंची हवी आणि पाच दिवस पणजीत फिरायचंय, तर रॉड तुमच्यासाठी नाही असं माझं स्पष्ट मत.

काणकोण किनारा

लाम्स माझ्याकडे आहे, डिस्को ४ लाच. ऑस्ट्रेलियातला आहे हा डबा, तिकडे लोक ह्या गाड्या घेऊन हजारो किलोमीटर माती तुडवतात त्यामुळे गरजेतून तयार झालेली वस्तू आहे आणि ते वापरताना जाणवतं. नॉबवरून उंची निवडता येते, थोडी वर, जास्त वर, किंवा परत कंपनीची. तुम्ही मागताय ती मधली हाइट नेमकी हाच देतो, आणि ईसीयूचं बाकीचं सगळं काम चालूच राहतं. म्हणजे चवथीला (गणेश चतुर्थीला) आम्ही माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळांचं) सामान, नारळ, भाजी, सगळ्यांच्या बॅगा असं भरून करमल घाटातून येतो तेव्हा मागची बाजू बसत नाही, गाडी स्वतःच लेव्हल करते, फक्त ती लेव्हल मी ठरवलेली असते. स्पीड वाढला की ऑफरोडवरून खाली येते ते पण शाबूत आहे, येते ती माझ्या नॉर्मलवर.

पण बसवणं जपून. सेन्सरच्या वायरी कापून जोडायच्या असतील तर नीट सोल्डर करा, वरून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) घाला, नुसती टेप गुंडाळू नका. मी समुद्रापासून एक किलोमीटरवर राहतो. पहिल्यांदा ज्याच्याकडून बसवून घेतलं त्याने टेप मारली होती, दुसऱ्या पावसात तांबं हिरवं झालं आणि एका कोपऱ्याचा सिग्नल नाचायला लागला, गाडी उभ्या उभ्या एका बाजूने उठायची-बसायची. डब्याचा दोष काडीचा नव्हता, सगळा जोडकामाचा. स्वतः परत केलं, त्यानंतर आजपर्यंत शांत.

आणि एक, हा रिमोटवाला असो की नॉबवाला, घरात लहान मुलं असतील तर सांभाळा. गाडीखाली कोणी काम करत असताना उंची बदलली तर काय होईल ते लिहायची गरज नाही. खाली जायचं तर चेसिसला स्टँड लावल्याशिवाय जायचं नाही. दार उघडं असलं की गाडी थांबते यावर भरवसा ठेवून हातसुद्धा आत घालू नका.

गॅरेज कुडचडे

शेवटचं वाक्य सगळ्यांनी दोनदा वाचा. जॅकवर गाडी आणि खाली माणूस, हे एअर सस्पेन्शनला चालत नाही. कधीच नाही.

सत्तरीवाला

आयआयडी टूलबद्दल मी लिहितो. कॅनडाची कंपनी आहे, छोटं यंत्र ओबीडी सॉकेटला लागतं, फोनशी ब्लूटूथने जोडायचं. एका गाडीच्या नंबरशी बांधलेलं असतं म्हणून दोन गाड्यांना वापरायचं तर जादा लायसन्स घ्यावं लागतं. उंची बदलणं हा त्याचा एक उपयोग. माझ्या मते त्याहून मोठा उपयोग म्हणजे चारही कोपऱ्यांची उंची मिलिमीटरमधे लाइव्ह दिसते, टँकचं प्रेशर दिसतं, फॉल्ट कोड वाचता येतात आणि पुसता येतात. माझ्या गाडीला अनमोड घाटात रात्री नऊला पिवळा दिवा लागून गाडी नॉर्मलच्याही खाली आली होती, कोड आला C१A२०, म्हणजे टँक भरायला प्रेशर फार हळू वाढतंय. तो वाचता आला म्हणून कळलं की कॉम्प्रेसर थकलाय, बलून फुटलेला नाही, घरी पोचू. कव्हरात लाल माती घट्ट बसून कॉम्प्रेसर तापत होता, रिंग झिजली होती. टूल नसतं तर टो करून आणली असती.

कमी बाजू अशी की लाम्ससारखी चालता चालता नॉब फिरवायची सोय ह्यात तितकी सुटसुटीत नाही, फोन काढा, जोडा, थांबा. आणि कॅलिब्रेशनला हात लावण्याआधी चारही कोपऱ्यांचे मूळ आकडे कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समधे ठेवा, फोनमधे नाही. मी फोनमधे ठेवले होते, फोन गेला, मग पट्टी घेऊन सगळं नव्याने मोजत बसलो.

कुटबण जेटी

मधेच घुसतो, माफ करा. माझ्याकडे इसुझू व्ही-क्रॉस पिकअप आहे, पाटे असलेली, मागे पाट्यांच्या मदतीला एअर बॅगा (हवेचे फुगे) टाकल्यात कारण पहाटे जेटीवरून बर्फ आणि मासळीचे क्रेट भरतो, येताना रिकामी. हाताने हवा भरून कंटाळलो. एअर लिफ्टचा ३पी आणि ३एच असे दोन कंट्रोलर दिसतायत, फरक काय? महाग घेऊन फायदा आहे का?

काणकोण किनारा

३पी फक्त प्रेशर बघतो. ३एच प्रेशरबरोबर हाइट सेन्सरही वापरतो. तुमच्या कामात हा फरक फार मोठा आहे. समजा तुम्ही ३० पीएसआय (हवेचा दाब) ठरवलं, रिकाम्या गाडीत ३० ला मागची बाजू एवढी उठेल आणि क्रेट भरल्यावर त्याच ३० ला खाली बसेल, प्रेशरवाल्या कंट्रोलरला ते कळणारच नाही, त्याच्या दृष्टीने ३० म्हणजे ३०, काम झालं. हाइटवाला बघतो की गाडी बसली, मग हवा भरत जातो जोपर्यंत ठरलेली उंची येत नाही. रोजचं ओझं बदलणाऱ्याला हाइटवाला. ओझं ठरलेलं असेल, आठवड्यातून एकदा बदलायचं असेल, तर प्रेशरवाला पुष्कळ झाला, बटणावर भरायचं आणि सोडायचं.

गॅरेज कुडचडे

त्यात भर. डाव्या-उजव्या बॅगांना एकच पाइप टी लावून दिलाय का तुमच्या? तसा असेल तर वळणावर बाहेरच्या बॅगेतली हवा आतल्या बॅगेत पळते आणि गाडी जास्त झुकते. वेगळे पाइप करून घ्या, कंट्रोलर कुठलाही असो. आणि बॅगा टाकल्या म्हणून आरसी बुकावरचं वजन वाढत नाही हो. ॲक्सल तेच, ब्रेक तेच, टायर तेच. मासळी एक क्रेट कमी न्या पण पहाटेच्या ओल्या रस्त्यावर ब्रेक लागले पाहिजेत.

कुटबण जेटी

एकच पाइप आहे. आजच बदलतो. देव बरें करूं.

पंचवाडी

कायद्याचं कोणी बोलत नाही म्हणून विचारतो. जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टाने मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ बद्दल सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. हे कंट्रोलर त्यात बसतात का?

सत्तरीवाला

मी वकील नाही, माझी स्वतःची पद्धत सांगतो. गाडी जी उंची कंपनीच्या बटणाने घेऊ शकते त्या मर्यादेच्या आतच मी राहतो, म्हणजे ऑफरोडच्या ५५ च्या खाली. मूळ भाग एकही काढलेला नाही, पाच मिनिटांत मूळ आकड्यांवर आणता येतं. इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवलंय. बाकी कॉइल स्प्रिंग घालून ईसीयूला गप्प बसवणारे किट मिळतात, तो मार्ग मला पटत नाही, कारण ह्या गाडीत ऑफरोडला डाव्या-उजव्या बलूनमधली हवा एकमेकांशी जोडली जाते म्हणून एक चाक दगडावर चढलं की दुसरं खाली दाबलं जातं, ते सगळं कॉइलमधे संपतं. त्यासाठीच तर आपण ही गाडी घेतली.

पंचवाडी

पटलं. आणखी एक, २५ मिलिमीटर वर केली तर पाण्यातून जास्त खोल जाता येईल ना? आमच्याकडे पावसात व्हाळ भरतो.

गॅरेज कुडचडे

नाही. कंपनीने पाण्याच्या खोलीसाठी दिलेला ७०० मिलिमीटरचा आकडा ऑफरोड हाइट धरूनच आहे. त्याच्यावर तुम्ही कंट्रोलरने उचललंत म्हणून अल्टरनेटर, ॲक्सलचे ब्रीदर (हवा जाण्या-येण्याच्या नळ्या) आणि दाराचे रबर काही जास्तीचं वचन देत नाहीत. आणि पावसातल्या व्हाळात खोलीपेक्षा ओढ मारते, गाडी उंच केली म्हणून वाहत्या पाण्यापासून सुटका नाही. पाणी लाल आणि फिरतं दिसलं तर गाडी अलीकडे ठेवून वाट बघायची. माझ्या ओळखीतल्या एका घराने ह्यात माणूस घालवलाय म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

व्हाळापलीकडे (पर्वरी)

मंडळी, उशीर झाला, चवथ मधे आली. जे झालं ते सांगतो.

फ्यूज काढून तीन रात्री मोजलं. चाकाच्या सेंटरपासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली, प्रत्येक वेळी सपाट फरशीवर, स्टिअरिंग सरळ. डावी पुढची बाजू एका रात्रीत ४१ मिलिमीटर बसली, उजवी पुढची ९, मागच्या दोन्ही हलल्या नाहीत. साबणाच्या पाण्यात डाव्या बलूनच्या घडीत बारीक फेस आला, जसा तांदळाच्या पेजेवर येतो तसा. पुढचे दोन्ही बदलले, एक बदलून दुसरा ठेवला तर सहा महिन्यांनी परत तेच म्हणून. कॉम्प्रेसरचं कव्हर उघडलं तर आत अर्धा घमेलं माती. ड्रायरचे दाणे बदलले, रिंग बदलली, मातीसाठी कव्हर धुवून परत बसवलं. शिवाय पुढच्या दोन्ही पाइपांवर इमर्जन्सीचे टायरसारखे व्हॉल्व्ह लावून घेतले, उद्या काही झालं तर पंक्चरच्या पंपाने हवा भरून घरी येता येईल.

मग सत्तरीवाल्यांनी स्वतःचं टूल घेऊन यायची तयारी दाखवली पण ते त्यांच्या गाडीला बांधलेलं, म्हणून मी माझंच घेतलं. पहिल्या दिवशी कळलं की उजव्या मागच्या सेन्सरचा आकडा आणि टेपचा आकडा ११ मिलिमीटरने जुळत नाही. कनेक्टर काढला तर पिना हिरव्या. साफ करून ग्रीस लावून परत घातला, फरक दोनवर आला. म्हणजे गेली चार वर्षं माझी गाडी तिरकी उभी राहत होती आणि मला कळलं नव्हतं. आधीच सिग्नलचा डबा लावून वर २५ चढवले असते तर तिरकी ती तिरकीच वर गेली असती.

आता कॅलिब्रेशन नॉर्मलला १५ वर ठेवलंय, अलाइनमेंट करून घेतली, हेडलाइट बघितले. आश्चर्य म्हणजे त्या १५ मधेच खड्ड्यांच्या रस्त्यावरचं घासणं थांबलं, कारण आधी गाडी होती त्यापेक्षा खालीच बसलेली होती. कॉम्प्रेसर पूर्वी दोन मिनिटं घ्यायचा तिथे आता चाळीस सेकंदांत ऑफरोडला नेतो. घाटीतल्या चिऱ्यासाठी मात्र ऑफरोड लागतेच, ते मान्य.

काणकोण किनारा

मग लाम्स नको?

व्हाळापलीकडे (पर्वरी)

यंदाचा उन्हाळा असाच काढतो. पुढच्या पावसानंतरही फेरीवर आणि कच्च्या रस्त्यावर रोज बटण दाबावं लागतंय असं वाटलं तर तुमच्याकडे येऊन तुमचा बसवलेला बघतो, विशेषतः ते वायरिंग. तेव्हा सोल्डर तुमच्याच हाताने.

लाल माती

टेपने मोजायची पद्धत परत एकदा नीट लिहाल का, हबच्या सेंटरपासून सरळ वर मडगार्डच्या आतल्या कडेपर्यंत की बाहेरच्या? माझे रॉड चारही कोपऱ्यांना खरंच सारखे उचलतायत का ते मी तीन वर्षांत एकदाही बघितलेलं नाही.

व्हाळापलीकडे (पर्वरी)

खालच्या कडेपर्यंत, बाहेरून, टेप उभी सरळ. इंजिन चालू ठेवून नॉर्मलवर आणायची, दारं बंद, मग दोन मिनिटं थांबून बंद करायची आणि लगेच मोजायची. डिझेल किती आहे तेही लिहून ठेवा. आकडे इथेच टाका, मी माझे टाकतो, शेजारी शेजारी ठेवून बघू.